तण उपटण्याआधी त्याचं नाव विचार

अगं, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, बांधावरचं गवत एकदाचं जाळून टाकू का? मामंजी म्हणतात, तांबेरा तिथूनच येतो." मी घाईत "जाळू नकोस" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. तेवढ्याने तुझं समाधान झालं नसणार. गव्हाचं हे तुझं पहिलंच वर्ष, म्हणून आज सवडीने सगळं सांगते.

मामंजींचं म्हणणं उडवून लावायचं नाही, हे आधी ऐक. तणात रोग राहतो हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं आहे आणि ते खरंही आहे. आपल्याकडे गहू शेतात असतो नोव्हेंबर ते मार्च. उरलेले सात-आठ महिने गव्हावर जगणाऱ्या बुरशीने काय करायचं? ती कुठेतरी तग धरून बसते. मातीत, काडीत, बियाण्यावर, दूरच्या एखाद्या डोंगरावर, नाहीतर एखाद्या तणावर. पण कोणती बुरशी आणि कोणतं तण, हे कळल्याशिवाय केलेली मेहनत वाया जाते. तू भलत्याच गवतावर घाम गाळशील आणि जे रोप खरोखर काढायला हवं ते उकिरड्याच्या कडेला हिरवंगार उभं राहील.

कुठल्याही रोगाबद्दल दोन गोष्टी विचारत जा. त्या बुरशीला जगायला जिवंत, हिरवं पान लागतं की मेलेल्या काडीवरही तिचं भागतं? आणि ती ठरावीक कुळातल्याच झाडांवर जगते की दिसेल त्याला धरते? ही दोन उत्तरं मिळाली की कुठे खुरपं घालायचं आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

तांबेऱ्यापासूनच सुरुवात करू, कारण मामंजींना त्याचीच धास्ती आहे. गव्हावर तांबेरे तीन. काळा खोडावर आणि देठाजवळच्या आवरणावर लांबट, विटकरी फोड आणतो आणि शेवटी ते फोड काळे पडतात. नारिंगी पानावर गोल, विखुरलेले ठिपके टाकतो. पिवळा पानाच्या शिरांना धरून रांगेत येतो. पिवळा थंड हवेचा. पंजाब, हरियाणा, हिमालयाच्या पायथ्याचा भाग, तिकडे त्याचा जाच. आपल्या उबेत त्याचं जमत नाही, म्हणून तुला काळजी पहिल्या दोघांची. तिघांचीही एक खोड सारखी: जिवंत पानाशिवाय ते वाढू शकत नाहीत. आपल्याकडे वाळलेल्या काडीवर, मातीत, शेणखतात तांबेरा पुढच्या पिकापर्यंत टिकत नाही. त्यामुळे तांबेरा तणावर राहतो म्हणायचं तर ते तण हिरवं हवं आणि तांबेऱ्याच्या पसंतीचंही हवं.

या पसंतीची सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती युरोप-अमेरिकेत, बार्बेरी नावाच्या काटेरी झुडपाभोवती. तुला हे झाड अगदीच परकं नाही. आपल्या आजीच्या औषधांच्या डब्यात दारुहळदीचे पिवळे तुकडे असायचे ना, ती हिमालयातली दारुहळद याच कुळातली. आणि मुंबईच्या इराणी हॉटेलात बेरी पुलाव खाल्ला असशील तर त्यातले ते आंबट लाल दाणे म्हणजे बार्बेरीची वाळवलेली फळं. युरोपात हे झुडूप कुंपणाला लावत, फळांचा मुरंबा करत, सालीतून पिवळा रंग काढत. इतकं उपयोगी झाड, पण शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की ज्या कुंपणाला बार्बेरी आहे त्याच्या बाजूचाच गहू आधी तांबतो. फ्रान्समधल्या रुआं इथे १६६० साली बार्बेरी काढून टाकण्याचा हुकूम निघाला. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये १७२६ साली तसाच कायदा झाला. बुरशी म्हणजे काय, ती पसरते कशी, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. शेतकऱ्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून हे ताडलं होतं आणि विद्वान मंडळी बराच काळ ते मानायला तयार नव्हती. मामंजींच्या निरीक्षणाला मान दे म्हणते ते यासाठीच.

त्या निरीक्षणाचं कारण १८६५ साली जर्मन शास्त्रज्ञ आंटोन डी बारी यांनी दाखवून दिलं. काळ्या तांबेऱ्याला आयुष्याचा फेरा पुरा करायला दोन वेगवेगळी झाडं लागतात. गव्हावर तो विटकरी भुकटी उडवत एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. गहू पिकत आला की खोडावर काळे, जाड सालीचे बीजाणू धरतो. ते कडाक्याच्या थंडीतही काडीवर टिकतात. वसंतात ते उगवतात, पण त्यांतून निघालेले बारीक बीजाणू गव्हाला लागूच शकत नाहीत, त्यांना बार्बेरीचं कोवळं पानच हवं असतं. त्या पानाच्या खालच्या बाजूला पिवळ्या पेल्यांसारखे फोड येतात आणि त्यांतले बीजाणू मात्र पुन्हा फक्त गव्हासारख्या पिकांवर जातात. बार्बेरी म्हणजे तांबेऱ्याचं लग्नघर. निरनिराळ्या जातींच्या तांबेऱ्यांचा संकर तिथे होतो आणि त्यातून नव्या जाती निपजतात. गेल्या वर्षीपर्यंत तांबेऱ्याला दाद न देणारा गव्हाचा वाण यंदा अचानक बळी पडतो, त्याचं एक मूळ इथे आहे. त्या झुडपाचा खरा धोका मला हाच वाटतो. रोगाला नुसता निवारा देणारं तण वेगळं आणि रोगाला नवी हत्यारं देणारं तण वेगळं.

१९१६ साली अमेरिका आणि कॅनडात काळ्या तांबेऱ्याने हाहाकार केला. दोन्ही देश मिळून सुमारे ३० कोटी बुशेल गहू गेला, म्हणजे आपल्या हिशेबात ऐंशी लाख टनांच्या घरात. पहिलं महायुद्ध चालू होतं, धान्याची ओढाताण होती. १९१८ साली अमेरिकेच्या सरकारने बार्बेरी निर्मूलनाची मोहीम हाती घेतली आणि मिनेसोटा विद्यापीठातले एल्विन स्टॅकमन हे तिचे मोठे पुरस्कर्ते झाले. गावोगाव माणसं झुडपं शोधत फिरली, शाळेतली मुलं त्यात उतरली, त्यांना बिल्ले-पदकं मिळाली. झुडूप नुसतं तोडलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं, म्हणून मुळाशी पोत्याने मीठ ओतलं, रॉकेल घातलं. पुढची कित्येक दशकं हे काम चाललं आणि कोट्यवधी झुडपं निघाली.

त्याचा उपयोग झाला का, असं तू विचारणार. झाला. तांबेरा शेतात पहिल्यांदा दिसायची वेळ साधारण दहा दिवसांनी पुढे गेली. ओंब्या भरायच्या दिवसांत दहा दिवस म्हणजे किती असतात हे तू यंदा स्वतः बघशील. नव्या जाती निपजण्याचा वेगही मंदावला. पण रोग संपला का? नाही. १९३५ साली आणि पुन्हा १९५३-५४ साली अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याच्या मोठ्या साथी आल्याच. कारण तांबेऱ्याची विटकरी भुकटी दक्षिणेकडून, मेक्सिको आणि टेक्ससमधल्या गव्हावरून, वाऱ्याबरोबर दर वर्षी वर सरकते. तिला बार्बेरी लागतच नाही. शेजारचं झुडूप काढलंस तर शेजारून येणारा रोग थांबतो, आभाळातून येणारा थांबत नाही. अमेरिकेने हे मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे आणि आपल्याला ते फुकट शिकायला मिळतंय.

आता आपल्या देशात ये. इंग्रजांच्या काळात इथेही सरळ समजूत अशी की हिमालयात दारुहळदीच्या जातीची झुडपं भरपूर आहेत, म्हणजे तांबेरा तिथूनच येत असणार. ही समजूत तपासून पाहायला आग्रा कॉलेजमधले करमचंद मेहता हयातभर झटले. डोंगरांत फिरून, हवेतले बीजाणू पकडून, झुडपांची पानं तपासून त्यांनी दाखवलं की मैदानातल्या वार्षिक साथींशी त्या झुडपांचा संबंध लावता येत नाही. हिवाळ्याच्या शेवटी गव्हावर धरलेले काळे बीजाणू आपल्या उन्हाळ्याच्या तापात टिकत नाहीत. विटकरी भुकटीही एप्रिल-मेच्या उन्हात मरते. दर वर्षी तांबेरा मैदानात नव्याने यावा लागतो आणि तो येतो थंड डोंगरांवर वर्षभर हिरव्या राहणाऱ्या गव्हावरून. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ १९४० साली तेव्हाच्या इम्पीरियल, म्हणजे आजच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढला. सिमल्यात त्यांनी उभी केलेली प्रयोगशाळा आजही फ्लॉवरडेल या नावाने चालू आहे आणि देशभरातले तांबेऱ्याचे नमुने तिथे ओळखले जातात.

तर आपल्या महाराष्ट्राला काळा तांबेरा कुठून येतो? निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवरून, तमिळनाडूतून. तिथे उंचावर हवा बारा महिने थंड. एकामागून एक गहू घेतला जातो, शिवाय सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेला गहू बांधांवर उभा असतोच. तांबेऱ्याला हिरवं पान कधीच कमी पडत नाही. पुढे एस. नागराजन आणि एल. एम. जोशी यांनी १९७०च्या दशकात या प्रवासाची वाट शोधून काढली. नोव्हेंबरच्या आसपास बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होतात. त्यांच्या वाऱ्याबरोबर डोंगरावरची भुकटी उचलली जाते, शेकडो किलोमीटर वर येते आणि पावसाबरोबर मध्य भारतातल्या, दख्खनच्या कोवळ्या गव्हावर उतरते. म्हणून नोव्हेंबरमध्ये अवेळी पाऊस पडला की मी तुला फोन करून "पानं बघत जा" म्हणते. १९४६-४७ साली मध्य भारतातला गहू काळ्या तांबेऱ्याने असा काही बुडाला की जुनी माणसं पुढे कैक वर्षं ते साल विसरली नाहीत.

आता तूच सांग, तुझ्या बांधावरची हराळी जाळून निलगिरीचा वारा अडणार आहे का?

हराळीचंच निघालं म्हणून एक गोष्ट. थंडीत हराळीच्या पात्यांवरही कधी कधी केशरी-तपकिरी भुकटी दिसते. बोटाला लागते, अगदी गव्हाच्या तांबेऱ्यासारखीच. ती पाहून बहुतेक माणसं घाबरतात आणि मामंजींच्या मनात बहुधा तेच असावं. तो हराळीचा स्वतःचा तांबेरा, वेगळी बुरशी. तो गव्हावर चढत नाही. ज्वारीचा तांबेरा ज्वारीचा, मक्याचा मक्याचा. मक्याच्या तांबेऱ्याचं दुसरं घर आंबुशी हे तण आहे, म्हणजे बार्बेरीसारखाच प्रकार, पण तोही गव्हाला त्रास देणार नाही. चंदनबटवा, हरणखुरी, घोळ, गाजरगवत ही तर रुंद पानांची मंडळी, गवतकुळाच्या बाहेरची. गव्हाचा तांबेरा त्यांच्यावर जगूच शकत नाही. ती काढायची ती अन्न-पाण्यासाठी आणि गव्हाच्या बुडाशी हवा खेळावी म्हणून, तांबेऱ्यासाठी नव्हे.

तांबेऱ्याच्या दृष्टीने तुझ्या शेतातलं सगळ्यात धोक्याचं तण कोणतं, माहीत आहे? गहू. हो, गहूच! मळणीच्या जागी सांडलेला, पोत्यातून गळलेला, उकिरड्यावर पडलेला दाणा पहिल्या पावसात उगवतो. उसाच्या सरीत, पाटाच्या कडेला, गोठ्याच्या मागे असे दोन-चार ठोंब हमखास दिसतात आणि "असू दे, गहूच आहे" म्हणून कोणी त्यांना हात लावत नाही. आपल्या उन्हाळ्यातून तांबेरा त्यांच्यावर तगेल असं नाही, ते डोंगरावरच होतं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात वरून भुकटी पडते तेव्हा तुझा पेरलेला गहू बोटभरसुद्धा नसतो आणि हे ठोंब मात्र चांगले फुटवे धरून तयार असतात. भुकटी आधी तिथे रुजते, आठ-पंधरा दिवसांत स्वतःचीच हजारपट होते, मग शेजारच्या पिकात उतरते. पेरणीच्या आधी पंधरा-वीस दिवस एक फेरी मार आणि असा एकही ठोंब ठेवू नकोस. या कामाला पैसा लागत नाही आणि माझ्या मते बांध जाळण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त आहे.

मात्र तणाचा आणि बुरशीचा खराखुरा संबंध जिथे आहे तिथे मी तुला ढिलाई करू देणार नाही. दोन रोग सांगते.

पहिला पानावरचा करपा. पानावर आधी लहान तपकिरी, लांबट डाग येतात. ते एकमेकांत मिसळतात आणि पान भाजल्यासारखं वाळतं. हा करपा आणणाऱ्या बुरशींपैकी एक, बायपोलॅरिस, तांबेऱ्याच्या अगदी उलट वागते. तिला जिवंत पानाचा हट्ट नाही. ती काडीत राहते, बियाण्यावर राहते, मातीत राहते आणि गवतकुळातल्या कितीतरी तणांवरही राहते. बिहार, बंगाल, नेपाळच्या तराईत, जिथे भाताच्या मागोमाग गहू येतो आणि हवा उबदार-दमट असते, तिथे गव्हाचा हाच मोठा शत्रू आहे. आपल्याकडे कोरडी हवा आपल्याला बरीचशी वाचवते. पण दाट पेरणी, वारंवार पाणी, वर गवताची दाटी, असं झालं की पिकाच्या आत सकाळचं दव दुपारपर्यंत वाळत नाही. बुरशीचा बीजाणू पानावर रुजायला काही तासांचा ओलावा पुरतो आणि तो तास-दोन तासांचा जास्तीचा ओलावा गवत पुरवतं. इथे तण दोन्ही बाजूंनी नडतं. स्वतःवर बुरशी बाळगतं आणि गव्हावर ती रुजेल अशी हवाही तयार करतं.

म्हणून पेरणीनंतर पहिले तीस-चाळीस दिवस शेत स्वच्छ राहिलंच पाहिजे. पहिली भांगलण वीस-पंचवीस दिवसांनी, मुकुटमुळं फुटायच्या सुमाराच्या पाण्यानंतर वाफसा आला की लगेच. तुमच्याकडे बायका मिळायला उशीर होतो, मला माहीत आहे. ऊसतोडीच्या आणि हळदीच्या कामात सगळ्या अडकलेल्या असतात. तरी आधीच बोलून ठेव. पंचेचाळीस दिवसांनी केलेली भांगलण दिसायला छान दिसते, पण तोवर जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि काढलेलं गवत तिथेच सरीत टाकू नकोस. ओल मिळाली की ते पुन्हा धरतं, विशेषतः हराळी आणि लव्हाळा. बाहेर ने, वाळू दे, मग खड्ड्यात कुजव.

दुसरा रोग रोपांची मर. गहू उगवून आठ-दहा दिवस झाले की मधूनमधून रोपं पिवळी पडून बसतात. उपटून पाहिलीस तर जमिनीलगत खोड कुजलेलं, त्याला पांढरी कापसासारखी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. ही स्क्लेरोशियम नावाची बुरशी. हिला कुळाचं बंधन नाही. भुईमूग, सोयाबीन, टोमॅटो, मिरची, गहू आणि शेतातली शेकडो प्रकारची तणं, सगळ्यांना ती धरते. ते मोहरीसारखे दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. म्हणजे इथे चंदनबटवा आणि गाजरगवतसुद्धा निर्दोष राहत नाहीत. तांबेऱ्याच्या बाबतीत मी त्यांना सोडलं होतं, मरीच्या बाबतीत सोडत नाही. सोयाबीन निघाल्यावर तुमच्या शेतात महिनाभर जे हिरवं रान माजतं ते तसंच नांगरून त्यावर लगेच गहू पेरला तर अर्धवट कुजलेल्या पाल्यावर ही बुरशी पोसते आणि कोवळ्या गव्हावर जाते. तण फुलायच्या आत काढ, पाला कुजायला वेळ दे आणि जमीन गरम असताना पेरणीची घाई करू नकोस. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा बागायती गव्हाला चांगला. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळ. औषधाने या बुरशीचा नायनाट होत नाही, त्यामुळे हे आधीचं काम टाळून चालणार नाही.

आणखी एक रोग आपल्या राज्यात नाही, तरी सांगते, कारण तो आपल्या शेजारी येऊन ठेपलेला आहे. गव्हाचा ब्लास्ट. १९८५ साली ब्राझीलच्या पराना राज्यात तो प्रथम दिसला. यात ओंबी एका ठिकाणापासून वर पांढरी पडते आणि दाणे भरतच नाहीत. तिकडे शास्त्रज्ञांना ही बुरशी गव्हाच्या आसपासच्या गवतांवर सापडली, त्यांत जनावरांच्या कुरणासाठी मुद्दाम लावलेली गवतंही होती. मग फेब्रुवारी २०१६ मध्ये ती एकदम बांगलादेशात उतरली आणि सुमारे पंधरा हजार हेक्टरांवरचा गहू तिने धरला. पश्चिम बंगालच्या सरकारने पुढे नदिया आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत आणि सीमेलगतच्या पट्ट्यात गहू पेरायलाच बंदी केली. शेतकऱ्याला "दोन वर्षं गहू पेरू नकोस" म्हणणं किती कठीण असेल बघ, पण ते त्यांनी केलं. गवतावर तग धरणारी बुरशी एकदा गावात शिरली की नुसतं पीक बदलून ती जात नाही. बियाण्यावाटे ती शिरू नये म्हणून बाहेरगावचं, कुठून आलं ते माहीत नसलेलं स्वस्त बियाणं घेऊ नकोस, मग ते कोणीही आणून देवो.

आता बांध जाळण्याबद्दल. जाळू नकोस म्हणाले त्याची कारणं हीच. तांबेरा त्या गवतात नाही. मरीचे दाणे मातीत आहेत, वरच्या जाळाने ते मरत नाहीत. आणि बांधावरच्या फुलणाऱ्या झाडोऱ्यात मावा खाणारे ढालकिडे असतात, ते मात्र नक्की मरतात. सगळं रान शत्रू समजून उजाड करायचं, हा मार्ग मला कधीच पटला नाही. इंग्लंडमध्ये आज हाच पेच पडलेला आहे. तिथे बार्बेरी इतकी काढली गेली की तिच्यावरच जगणारा एक पतंग दुर्मीळ झाला. त्याच्यासाठी निसर्गप्रेमी पुन्हा बार्बेरी लावू लागले. आणि २०१३ साली सफोक परगण्यात जवळजवळ साठ वर्षांनी गव्हावर काळा तांबेरा सापडला. आता तिथले लोक झुडूप लावावं, पण गव्हाच्या शेतापासून लांब, अशी वाट शोधतायत. मला ती वाट शहाणपणाची वाटते. झाडाचं नाव माहीत असेल तर अशी वाट निघते.

राहता राहिला वाण. तांबेऱ्याविरुद्धचं खरं बळ बियाण्यात असतं, खुरप्यात नाही. मामंजी वर्षानुवर्षं घरचा लोकवन पेरतात. पोळी त्याची सुरेख होते, मान्य आहे, पण तांबेऱ्यापुढे तो लवकर हात टेकतो. तुमच्या डोक्यावरच, महाबळेश्वरला, महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गव्हाच्या तांबेऱ्यावरचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या थंड, ओल्या हवेत गव्हाच्या वाणांची तांबेऱ्याशी गाठ घालून परीक्षा होते. निफाडच्या केंद्राने त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, फुले समाधान असे वाण दिलेले आहेत. यंदा कोणता बरा, हे कृषी सहायकांना विचार, कारण तांबेरा जात बदलतो तसं वाणाचं बळही बदलतं. आणि मामंजींना एक गोष्ट माझ्याकडून सांग, त्यांना बरं वाटेल. स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ साली काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखायची पद्धत बसवली. त्यासाठी जगभरातले बारा गहू निवडले आणि त्यांत आपली खपली होती. सांगली, साताऱ्याकडे आजही जी खीर-लापशीसाठी जपतात तीच खपली. त्या काळच्या बहुतेक तांबेऱ्यांना तिने दाद दिली नाही. बांधालगतच्या एका पट्ट्यात खपली टाकून बघ म्हणावं, भावही बरा मिळतो.

एवढं सगळं करूनही तांबेरा दिसू शकतो, तो तुझा दोष नाही. डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून एकदा शेताच्या मधून चाल, नुसतं कडेकडेने नको. खालची पानं आणि खोड उलटून बघ, पांढऱ्या रुमालाने पान पुस. रुमालाला विटकरी रंग लागला तर त्याच दिवशी कृषी सहायकांना कळव. फवारणीची वेळ आली तर प्रोपिकोनॅझोल लिटरला एक मिली, पण आधी त्यांना दाखवून, आणि बाटलीवरची सूचना वाचून. तोंडाला फडकं, हातात मोजे, हे सांगायला नकोच.

आणि फवारण्याआधी रोगट पानं-खोडाचे चार-सहा तुकडे काढून घे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नकोस, त्यात ओल धरून कुजतात. सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाल, वर गावाचं नाव, वाण आणि तारीख लिही आणि कृषी सहायकांच्या हातून महाबळेश्वरला पाठव. यंदा महाराष्ट्रात तांबेऱ्याची कोणती जात फिरतेय हे अशा पाकिटांवरूनच कळतं आणि पुढच्या पेरणीला कोणता वाण सांगायचा ते त्यावर ठरतं.